संत ब्लेझचा आशीर्वाद आणि आल्याची वडी

दरवर्षी ३ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा बिशप व रक्तसाक्षी संत ब्लेझ ह्यांचे स्मरण करते. त्या दिवशी अनेक धर्मग्रामांत मिस्सानंतर भाविक वेदीपुढे रांग लावतात. आदल्या दिवशी, म्हणजे प्रभूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणाला आशीर्वादित केलेल्या दोन मेणबत्त्या क्रुसाच्या आकारात धरून धर्मगुरू प्रत्येकाच्या गळ्याशी नेतात आणि संत ब्लेझच्या मध्यस्थीने घशाच्या व इतर सर्व व्याधींपासून मुक्तता लाभावी अशी प्रार्थना करतात. लहान मुलांना ह्या विधीचे मोठे अप्रूप असते. वृद्ध मंडळी मात्र मनापासून मान पुढे करतात, कारण खोकल्याने जागून काढलेल्या रात्री त्यांच्या लक्षात असतात.

हे दिवसही तसेच असतात. पहाटे गारवा, दुपारी ऊन, आंब्याला मोहोर, हवेत धूळ. घरोघरी कुणी ना कुणी खोकत असते आणि स्वयंपाकघरात आले किसले जाते. एकीकडे वेदीपुढील आशीर्वाद आणि दुसरीकडे चुलीवरील आल्याची वडी. ह्या दोन्हींचा परस्परांशी काय संबंध आहे, वडी नीट कशी करावी, ती नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, ह्याचा विचार आम्ही ह्या लेखात करणार आहोत. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून वाचकांनी लेख अर्ध्यावर सोडू नये, अशी विनंती आहे.

संत ब्लेझ आणि घसा

संत ब्लेझ हे चौथ्या शतकाच्या आरंभी आर्मेनियातील सेबास्ते नगरीचे बिशप होते. ही नगरी आज तुर्कस्तानात असून तिचे नाव सिवास असे आहे. इ. स. ३१६ च्या सुमारास त्यांनी श्रद्धेसाठी प्राण दिला. ते वैद्यकी जाणत होते, असे परंपरा सांगते. त्यांना बंदिवासात नेत असताना एका आईने आपल्या मुलाला त्यांच्यापुढे आणले. मुलाच्या घशात माशाचा काटा अडकून तो गुदमरत होता. संत ब्लेझच्या प्रार्थनेने तो वाचला. मासळी खाणाऱ्या आपल्या किनारपट्टीवर ही कथा कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. अंधेरीजवळील आंबोली येथील चर्च आणि गोव्यातील गांदावली येथील चर्च ह्याच संताच्या नावाने उभी आहेत.

ह्या सणाचे आणि खाऊचे नाते युरोपात फार जुने आहे. इटलीतील मिलान शहरात नाताळातील पानेतोने नावाच्या गोड पावाचा एक तुकडा राखून ठेवतात आणि ३ फेब्रुवारीला घशाच्या रक्षणासाठी घरातील सर्वजण तो वाटून खातात. उत्तर स्पेनमधील बिल्बाओ शहरात त्या दिवशी संत निकोलसच्या चर्चपाशी लोक रंगीत दोरे, गोड कडी आणि साखरेच्या गोळ्या आशीर्वादासाठी घेऊन येतात. दोरा नऊ दिवस गळ्यात बांधून नंतर जाळतात. गोळ्या मात्र घरी नेऊन घसा बसला की चघळतात. ह्या गोळ्या 'मालवाविस्को' ह्या नावाने ओळखल्या जातात. हे मुळात एका वनस्पतीचे नाव असून युनानी वैद्यकात तिला खतमी म्हणतात. तिच्या मुळीचा बुळबुळीत रस घशाला आतून लेप दिल्याप्रमाणे आराम देतो.

साखर : आधी औषध, मग मिठाई

खोकल्यावर गोड गोळी ही कल्पना मात्र युरोपात जन्मली नाही. ती आपल्या भूमीतून तिकडे गेली, आणि शब्द त्याची साक्ष देतात. इंग्रजीतील 'कँडी' हा शब्द अरबी 'कंद' ह्या शब्दावरून आला आणि त्याचे मूळ आपल्या 'खंड' ह्या शब्दात आहे. 'शुगर' हा शब्द 'शर्करा' ह्या संस्कृत शब्दापासून फारसी, अरबी व इटालियन अशा वळणांनी प्रवास करत गेला. उसाचा रस आटवून केलेल्या काकवीसारख्या पदार्थाला संस्कृतात 'फाणित' म्हणत. अरबांनी त्याचे 'फानिद' केले, लॅटिनमध्ये त्याचे 'पेनिदियुम' झाले, आणि मध्ययुगीन युरोपातील औषधविक्रेते ह्या नावाची साखरेची पिळदार कांडी सर्दी-खोकल्यावर देऊ लागले. साखर तेव्हा मिठाईवाल्याकडे नव्हे, तर औषधांच्या दुकानात मिळत असे.

आपल्याकडील आयुर्वेदात सितोपलादि चूर्ण प्रसिद्ध आहे. 'सितोपला' म्हणजे खडीसाखर. खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडा दोन आणि दालचिनी एक, असे त्याचे सोपे प्रमाण आहे. चरकसंहितेत हा योग राजयक्ष्मा, म्हणजे क्षयाच्या प्रकरणात सांगितला आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, आम्ही पुढे तिच्याकडे परत येणार आहोत.

युरोपातील मठांमध्येही खोकल्याच्या वनस्पतींची जोपासना होत असे. नवव्या शतकात रायखेनाऊ मठाचे मठाधिपती वालाफ्रिड स्ट्राबो ह्यांनी आपल्या बागेवर एक काव्य रचले. त्यात छातीच्या विकारांवर उपयोगी पडणाऱ्या होअरहाउंड नावाच्या अत्यंत कडू वनस्पतीचे वर्णन आहे. बाराव्या शतकातील संत हिल्डेगार्ड ह्यांनीही खोकल्यावर तिचा उपयोग सांगितला. २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी संत हिल्डेगार्ड ह्यांना ख्रिस्तसभेच्या महापंडित म्हणून घोषित केले. ह्या कडू पाल्याचा काढा साखरेच्या पाकात घालून केलेल्या गोळ्या पुढे युरोप व अमेरिकेत घरोघरी होऊ लागल्या. आपल्या आल्याच्या वडीची ही दूरची बहीणच म्हणता येईल. आल्याविषयी बोलायचे तर १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या, पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्यांच्या भारतीय औषधींवरील ग्रंथात आल्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

गोळी आणि उपवास

येथे एक प्रश्न सहज पुढे येतो. पवित्र कम्युनियनपूर्वी एक तासाचा उपवास असताना खोकल्याची गोळी वा वडी चघळली तर चालते का?

हा प्रश्न नवीन नाही. संत थॉमस अक्वायनस (१२२५-१२७४) ह्यांनी 'सुम्मा थिऑलॉजिया' ह्या ग्रंथात उपवासाच्या प्रकरणात मसाल्याच्या गोड अवलेहांचा विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : अवलेहाने शरीराचे थोडे पोषण होत असले तरी तो मुख्यत्वे पोषणासाठी घेतला जात नाही, पचनाला मदत म्हणून घेतला जातो, म्हणून इतर औषधांप्रमाणेच त्यानेही उपवास मोडत नाही. मात्र कुणी पळवाट म्हणून जेवणाच्या जागी तो भरपूर खाईल, तर गोष्ट वेगळी. हेतू आणि प्रमाण, ह्या दोन्हींकडे त्यांनी लक्ष वेधले आहे.

आजचा नियम १९८३ च्या कॅनन कायद्यातील ९१९ व्या कलमात आहे. पवित्र कम्युनियनपूर्वी किमान एक तास अन्न व पेय वर्ज्य करावे. पाणी आणि औषध ह्यांना मात्र बंदी नाही. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे ह्यांनी त्या तासाभरात काही खाल्ले असले तरी ते कम्युनियन घेऊ शकतात. आपल्यातील ज्येष्ठांना ह्यापेक्षा पुष्कळ कडक नियम आठवत असतील. एकेकाळी मध्यरात्रीपासून पाणीदेखील वर्ज्य होते. १९५३ साली पोप पायस बारावे ह्यांनी पाण्याला मुभा दिली, १९५७ साली अन्नासाठी तीन तासांची मर्यादा घातली, आणि १९६४ साली पोप पॉल सहावे ह्यांनी ती एका तासावर आणली.

तेव्हा खोकला आवरावा म्हणून मिस्सापूर्वी आल्याची वडी घेणाऱ्याने मनात शंका बाळगू नये. ख्रिस्तप्रसाद स्वीकारताना तोंड मोकळे असावे, एवढे पथ्य आदरापोटी पाळावे.

वडी कशी करावी

आता कृतीकडे वळू. आलेपाक एस.टी. स्टँडवर आणि रेल्वेच्या डब्यातही विकत मिळतो. परंतु घरी केलेल्या वडीत काय आहे ते आपल्याला ठाऊक असते, हा तिचा मोठा गुण.

पाव किलो ताजे आले घ्यावे. साताऱ्याकडचे आले बाजारात सर्वत्र येते. बोटाने दाबल्यावर टणक लागणारे आणि कमी रेषांचे आले निवडावे. ते अर्धा तास पाण्यात भिजवून माती काढावी, चमच्याच्या कडेने साल खरवडावी आणि आडव्या पातळ चकत्या कराव्यात. आडव्या कापल्यामुळे रेषा आखूड होतात आणि वडी खाताना दातांत अडकत नाहीत. चकत्या अगदी थोड्या पाण्यात बारीक वाटाव्यात.

जाड बुडाच्या कढईत हे वाटण आणि अर्धा किलो साखर एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावे व सतत ढवळत राहावे. प्रथम साखर विरघळून मिश्रण पातळ होते, मग त्याला फेस येतो, आणि वीस-पंचवीस मिनिटांत ते दाट होऊन कढईच्या कडा सोडू लागते. कडेला साखरेचा पांढरा थर दिसू लागला की पाक होत आला असे समजावे. खात्रीसाठी थंड पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकून पाहावा. त्याची बोटांनी मऊ गोळी वळली पाहिजे. कढई उतरवून मिश्रणाची चकाकी जाईपर्यंत दोन मिनिटे घोटावे, मग तूप लावलेल्या ताटात बोटभर जाडीने पसरावे. पाच मिनिटांनी सुरीने रेघा पाडाव्यात आणि पूर्ण गार झाल्यावर वड्या सुट्या कराव्यात. एवढ्या ऐवजात लहान आकाराच्या सुमारे पन्नास वड्या होतात.

वडी मऊ राहिली तर पाक कमी झाला असे समजावे. मिश्रण पुन्हा कढईत घालून थोडे आटवावे. भुगा झाला तर पाक पुढे गेला. दोन-तीन चमचे पाणी घालून पुन्हा शिजवावे. काहीजणी चवीसाठी दूध वा साय घालतात. वडी खुसखुशीत होते, पण ती आठवडाभरातच संपवावी. दुधाविना केलेली वडी कोरड्या बरणीत कितीतरी दिवस टिकते.

ज्यांना कडक पदार्थ चावत नाहीत त्यांच्यासाठी सुंठ-गुळाची गोळी उत्तम. शंभर ग्रॅम चिरलेला गूळ एक चमचा तुपावर मंद आचेवर पातळ करावा, आचेवरून उतरवून त्यात दोन लहान चमचे सुंठपूड, अर्धा चमचा हळद आणि चिमूटभर मिरपूड घालावी. कोमट असतानाच हाताला तूप लावून बोराच्या बीएवढ्या गोळ्या वळाव्यात. सुंठ ही वाळलेले आलेच, पण वाळताना त्यातील तिखट द्रव्यात बदल होतो आणि ती अधिक झणझणीत होते. म्हणून हात आखडता ठेवावा.

चघळण्याची काचेसारखी गोळी करायची असेल तर आले, तुळस आणि दोन लवंगा ह्यांचा अर्धी वाटी काढा गाळून घ्यावा. त्यात एक वाटी साखर व एक लहान चमचा लिंबाचा रस घालून, साखर विरघळल्यावर अजिबात न ढवळता आटवावे. थंड पाण्यात टाकलेला थेंब कडकन मोडला की चमच्याने तूप लावलेल्या ताटात थेंब थेंब सोडावेत आणि गार झाल्यावर पिठीसाखरेत घोळवावेत.

पाकाचे शास्त्र

एकाच साखरेची कधी खुसखुशीत वडी होते तर कधी काचेसारखी गोळी, ह्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पाक उकळताना त्यातील पाणी कमी होत जाते आणि त्याचे तापमान चढत जाते. सुमारे ११५ अंश सेल्सिअसला मऊ गोळी वळते, तर १५० अंशांच्या आसपास कडक पाक होतो. वडीचा पाक आपण घोटतो, त्यामुळे साखरेचे बारीक कण पुन्हा बनतात आणि वडी खुटखुटीत होते. गोळीच्या पाकात लिंबाचा रस असतो. तो साखरेचे विघटन करून कण बनू देत नाही, आणि न ढवळल्यामुळे पाक तसाच गोठतो. इतक्या दाट साखरेत जंतूंना वाढण्यासाठी पाणी उरत नाही, म्हणून वडी टिकते. ओला चमचा लावला की मात्र ती बिघडते.

एक इशारा येथेच द्यावा लागेल. उकळत्या पाण्यापेक्षा कडक पाक कितीतरी अधिक तापलेला असतो आणि तो कातडीला चिकटून बसतो. पाक चालू असताना लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवावे.

वडी काय करते, काय करत नाही

खोकला हा शत्रू नव्हे. श्वासमार्गात शिरलेले नको ते बाहेर टाकण्याची ती देवाने शरीरात ठेवलेली व्यवस्था आहे. साध्या सर्दीनंतरचा कोरडा खोकला विषाणू निघून गेल्यावरही काही दिवस रेंगाळतो, कारण घशाचे अस्तर दुखावलेले असते. वडी चघळताना लाळ सुटते, गोड लाळेचा थर त्या अस्तरावर पसरतो आणि खवखव कमी होते. आल्याच्या तिखटपणाने घशाला ऊब मिळते. मधाचेही असेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली मुलांच्या सर्दी-खोकल्याविषयी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत घशाला आराम देणारा सोपा व स्वस्त उपाय म्हणून मधाचा उल्लेख केला आहे.

हा आराम खरा आहे. पण आराम म्हणजे रोग बरा होणे नव्हे. वडीने जंतू मरत नाहीत, न्यूमोनिया हटत नाही, दमा आवरत नाही. म्हणून काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे.

एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. मधातील काही जंतूंचे बीज बाळाच्या आतड्यात वाढून गंभीर विषबाधा होऊ शकते. जन्मलेल्या बाळाला मध चाटवण्याची प्रथा काही घरांत अजून आहे. ती थांबवावी. चार वर्षांखालील मुलांना कडक गोळी वा वडी देऊ नये, ती घशात अडकून श्वास कोंडू शकतो. संत ब्लेझपुढे मूल घेऊन धावलेल्या त्या आईचे स्मरण येथे ठेवावे. वर सांगितलेल्या प्रमाणात एका वडीत सुमारे दहा ग्रॅम साखर असते, म्हणजे लहान दोन चमचे. मधुमेह असलेल्यांनी हा हिशेब विसरू नये. त्यांच्यासाठी आल्याचा बिनसाखरेचा काढा बरा. गूळ ही देखील साखरच होय. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी रोज भरपूर आले खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. तसेच वडी तोंडात ठेवून झोपू नये.

बाटलीतील औषध आणि आईची काळजी

अलीकडे अनेक पालक घरगुती उपायांकडे पुन्हा वळले आहेत, आणि त्यामागे दुःखद घटना आहेत. २०२२ साली गांबिया देशात दूषित खोकल्याच्या औषधामुळे सुमारे ७० बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. ते औषध भारतात तयार झाले होते. २०२५ साली सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात तशीच आपत्ती कोसळून वीसहून अधिक मुले गेली. त्या औषधात डायएथिलिन ग्लायकॉल हे कारखान्यांत वापरले जाणारे विषारी द्रव्य सापडले. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सूचना काढली : दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची व सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सर्वसाधारणपणे देऊ नयेत.

त्या मातापित्यांचा काय दोष होता? मूल खोकत होते आणि त्यांनी औषध पाजले. त्यांच्यासाठी आपण प्रार्थना केली पाहिजे. परंतु ह्यातून 'औषध वाईट, घरगुती तेच चांगले' असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. लहान मुलाच्या साध्या खोकल्याला बहुधा औषधाची गरज नसते. कोमट पाणी, विश्रांती, वर्षावरील मुलाला चमचाभर मध आणि आईचे लक्ष पुरेसे असते. मात्र मूल भराभर श्वास घेत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, ते दूध वा पाणी पीत नसेल किंवा निपचित पडले असेल, तर घरी काहीही करत न बसता तत्काळ दवाखाना गाठावा.

दोन आठवड्यांचा खोकला

आता आम्ही सुरुवातीला म्हटलेल्या मुद्द्यावर येतो. सितोपलादि चूर्णाचा योग प्राचीन वैद्यांनी राजयक्ष्म्याच्या प्रकरणात सांगितला, कारण खंगत जाणाऱ्या रोग्याला थोडा आराम देण्यापलीकडे त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. आज तशी स्थिती नाही. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख ह्यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, आणि गेल्या शतकाच्या मध्यापासून त्यावर गुणकारी औषधे उपलब्ध आहेत. तरीही जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश रोगी आपल्या देशात आहेत.

दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी, असा आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे. खोकल्याबरोबर संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे वा थुंकीत रक्त अशी लक्षणे असतील, तर दोन आठवडेही थांबू नये. सरकारी केंद्रांत तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिने चालतो आणि तो पूर्ण केला तर रोगी बरा होतो. उपचाराच्या काळात पोषणासाठी सरकारकडून दरमहा मदत मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून ती ५०० रुपयांवरून १००० रुपये करण्यात आली.

मग माणसे उशीर का करतात? पैशापेक्षा लाजेमुळे. घरात लग्नाची मुलगी आहे, शेजारी काय म्हणतील, कामावरून काढतील, ह्या भीतीने खोकला लपवला जातो. वडी, काढा, चाटण ह्यांच्या आडोशाला महिने निघून जातात आणि तोवर घरातील लेकरांनाही लागण होते. मायेने केलेली वडी अशा वेळी पडद्याचे काम करते. आमचा आक्षेप वडीला नाही, त्या पडद्याला आहे. कुष्ठरोग्याला स्पर्श करणाऱ्या प्रभूच्या अनुयायांमध्ये रोगाची लाज शिल्लक असावी, ही गोष्ट आपण प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवली पाहिजे.

पवित्र शास्त्राची शिकवण

बेन सिराच्या ग्रंथातील ३८ वा अध्याय प्रत्येक कुटुंबाने एकदा एकत्र बसून वाचावा. वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले. औषधी परमेश्वराने भूमीतून उगवल्या आणि शहाणा माणूस त्यांना तुच्छ लेखत नाही. आजारपणात प्रार्थना करावी आणि वैद्यालाही जवळ येऊ द्यावे, असा त्याचा आशय आहे. यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले. भल्या शोमरोनी माणसाने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, परंतु तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले आणि पुढील खर्चाची जबाबदारी घेतली. त्याचा घरगुती उपाय हा काळजीचा आरंभ होता, शेवट नव्हे.

संत ब्लेझचा आशीर्वादही असाच समजावा. तो गंडा वा ताईत नव्हे. आपले शरीर देवाचे दान आहे, त्याची काळजी देवालाही आहे, हे ख्रिस्तसभा त्या दोन मेणबत्त्यांच्या खुणेने आपल्याला सांगते. जो आशीर्वाद घेतो त्याने त्या दानाची निगाही राखली पाहिजे.

संत ब्लेझच्या सणानंतर आठ दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणाच्या दिवशी जागतिक रुग्ण दिन येतो. संत जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९९२ साली तो घोषित केला आणि १९९३ पासून तो पाळला जातो. ह्या दोन सणांच्या मधल्या आठवड्यासाठी आम्ही आमच्या वाचकांना एक साधी सूचना करतो. घरात आल्याच्या वड्यांचा एक घाणा करावा. एक पुडी घेऊन आपल्या आळीतील एखाद्या आजारी वा एकाकी माणसाच्या घरी जावे. थोडा वेळ बसावे, ख्यालीखुशाली विचारावी, प्रार्थना करावी. आणि निघताना एक प्रश्न जरूर विचारावा : हा खोकला किती दिवसांचा आहे? उत्तर दोन आठवड्यांहून अधिक असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याबरोबर आरोग्य केंद्रात जाण्याची तयारी दाखवावी. पुष्कळदा रोग्याला पत्ता ठाऊक असतो, फक्त सोबतीला कुणी नसते.

संत ब्लेझच्या मध्यस्थीने प्रभू आपणां सर्वांना उत्तम आरोग्य देवो, आणि आपल्या शेजाऱ्याचा खोकला ऐकण्याचे कान देवो.